मागच्या सीटचा ब्रेक

माझी ताई बस चालवते. 'चालवायची' असं कुणी म्हणालं की मी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करते, मग समोर कोणी का असेना. आमच्या दादाला तर मी वर्षभरात इतक्यांदा दुरुस्त केलंय की माझ्यासमोर त्याने हा विषयच सोडून दिला आहे.

झालं होतं ते एवढंच. मागल्या वर्षी भर दुपारी, गच्च भरलेल्या बसमध्ये ताईला चक्कर आली. येतेय हे कळताक्षणी तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, दोन्हीकडचे दिवे लुकलुकते ठेवले, 'मागून येणाऱ्या गाडीत बसा' असं प्रवाशांना सांगितलं आणि मगच स्टिअरिंगवर डोकं टेकलं. एकाही माणसाला खरचटलं नाही. पण गावभर झालं काय, तर 'बाई चालत्या बसमध्ये बेशुद्ध पडली'. कानातल्या कसल्याशा बिघाडाची ती चक्कर होती. डॉक्टरांनी औषध दिलं, तपासलं, पुन्हा तपासलं आणि खुशाल गाडी चालवा म्हणाले. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. त्या गोळ्या मीच तिला काढून द्यायची, आणि त्या बंद झाल्या तेव्हा पेढे वाटावेत इतकी मी खूश झाले होते.

डेपोवाल्यांनी मात्र तिला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. छत्र्या, एकेकटे हातमोजे, कुणाची तरी कवळी. त्यांच्यावर पहारा. डेपोप्रमुख म्हणाले, पुन्हा गाडी हवी असेल तर परीक्षा द्या, इथेच आवारात, छोट्या गाडीवर. जिने निम्मं आयुष्य घाटात बस घातली, तिने आता आवारात गोल गोल फिरून दाखवायचं!

तेही तिने सोसलं असतं. पण दादाच्या घरी एकदा सगळे जमलो होतो. ताई दादाच्या नातीला आपल्या गाडीतून बागेत न्यायला निघाली. पोरगी गाडीत बसलीही होती. तेवढ्यात दादाच्या सुनेने दार उघडून तिला अलगद उतरवून घेतलं. म्हणाली, "आत्या, तुम्ही दमला असाल. राहू दे आज." दादा तिथेच उभा होता. तो आपल्या बुटांच्या नाड्या बघत राहिला. ताई हसली, 'बरं' म्हणाली, आणि घरी येऊन तिने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली ती कायमचीच. परीक्षेचं विचारलं तर म्हणाली, "पुरे झालं. नाही द्यायची मला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. अजून पुरती उतरलेली नाही.

आता भावजी. म्हणजे ताईचा नवरा. दुकानांच्या पाट्या रंगवतात. अंगाने भरलेले, आणि बोलणं त्याहून भरलेलं. घाईशी त्यांचं जन्माचं वाकडं. एक अक्षर रंगवतील, खाली उतरतील, रस्ता ओलांडून लांबून बघतील, चहा घेतील, मग दुसरं. ताई मिनिटावर चालणारी आणि हे असे. त्यांचा संसार टिकला कसा, हे कोडं मी कधीच सोडवायला घेतलं नाही.

एक दिवस भावजींनी घरी सायकल आणली. दोन सिटांची, एकामागे एक. पॅडलच्या दोन जोड्या, हँडलंही दोन, पण मागचं नुसतं धरायला. वळवायचं, थांबवायचं, सगळं पुढच्याच्या हातात. कुणा जोडप्याने अडगळीत टाकलेली ती त्यांनी खरवडून हिरवीगार रंगवली होती आणि पुढे पिवळ्या रंगात ताईच्या बसचा नंबर घातला होता, सत्तावीस.

"सुट्टी काढ," ते ताईला म्हणाले. "कालव्याच्या काठाने निघू, टेकड्यांमधून, छोट्या छोट्या गावांतून. आवडेल तिथे थांबू."

"पुढे कोण बसणार?"

"तू."

"मी नाही बसणार."

"मग सायकल अशीच उभी राहील. माझ्या हातात हँडल दिलंस तर मी पाट्या वाचत वाचत दोघांना खड्ड्यात घालीन, हे तुला पक्कं ठाऊक आहे."

मी तिथेच होते. ज्या बाईच्या गाडीत मूल बसवायला घरचेच घाबरले, तिच्या पाठीमागे हा अगडबंब माणूस आपण होऊन बसायला निघाला होता. मला भावजींचा इतका अभिमान वाटला की त्यांच्या आजवरच्या सगळ्या गप्पा मी मनातल्या मनात माफ केल्या.

दादाला कळलं तेव्हा तो तणतणत आला. "या वयात हे काय खूळ? हातपाय मोडून घेतलेत तर निस्तरायचं कुणी?" मी म्हटलं, "तू नको निस्तरूस. तू नाड्या बघ." तो माझ्याशी दोन आठवडे बोलला नाही. घरात शांतता होती.

त्या सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल दोघांच्या सांगण्यात काडीचाही मेळ नाही. ताई म्हणते, पहिल्याच वळणावर हे उलट्या बाजूला झुकले आणि दोघं गवतात आडवे झाले. भावजी म्हणतात, गवत मऊ दिसलं म्हणून मीच बसायला सुचवलं होतं. मग ताईने त्यांना शिकवलं, वळणावर पोत्यासारखं बसायचं, अक्कल चालवायची नाही, मी झुकेन तिकडे झुकायचं. पोतं व्हायला भावजींना वेळ लागला नाही.

कालव्याच्या दोन्ही काठांना उंच झाडं होती आणि पाण्यावर त्यांच्या सावल्या पडलेल्या असायच्या. पलीकडे सूर्यफुलांची शेतं, मेंढरं, मधूनच एखादा दगडी पूल. ताईला सुट्टी कशी घालवतात तेच माहीत नव्हतं. सकाळी निघण्याआधी ती सायकलीभोवती एक फेरी मारायची. टायर चिमटीत दाबून बघायची, साखळीवरून बोट फिरवायची, ब्रेक दोनदा दाबायची. बसभोवतीही अशीच फेरी असायची तिची. वाटेत बसथांबा दिसला की तिचं पॅडल आपोआप सैल पडायचं. एका थांब्यावर एक आजोबा काठी टेकून उभे होते. त्यांनी पुढचा नंबर वाचला आणि गंभीर चेहऱ्याने हात केला. ताई थांबली. "जागा नाही हो आजोबा," ती म्हणाली. "मग उशिरा तरी येऊ नका," ते म्हणाले. ताई खळखळून हसली. वर्षभरात पहिल्यांदा, असं भावजी सांगतात, आणि एवढ्या बाबतीत माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

गावात शिरलं की भावजींची सुट्टी सुरू व्हायची. न्हाव्याच्या दुकानाची पाटी, पावाच्या भट्टीची पाटी, एकेका पाटीखाली थांबायचं. "बघ, जागा पुरली नाही म्हणून शेवटचं अक्षर कसं चेंगरलंय." एका गावात चावी बनवणाऱ्याच्या पाटीची त्यांनी इतकी स्तुती केली की त्याने दोघांना आत बोलावून कॉफी पाजली. ताईने घड्याळ बघणं हळूहळू सोडलं. मला फोनवर म्हणाली, "अगं, तळ्याच्या काठावर आम्ही नुसते झोपलो होतो. दुपारभर. कुणीही उठवलं नाही." तिचा आवाज ऐकून मला वाटलं, झालं, आता ही परीक्षेला बसते.

आणि मग एका सकाळी तिचा फोन आला.

"मला न्यायला ये. दादाला म्हणावं, मोठी गाडी आण. सायकल इथेच टाकून देऊ."

"चक्कर आली?" मी विचारलं.

"मी ठणठणीत आहे. यांनी मागे ब्रेक बसवून घेतलाय. माझ्या नकळत."

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी संध्याकाळी टेकडीवरून उतरताना, साधाच उतार, सायकल अचानक जड झाली. ताईने ब्रेकला बोटही लावलेलं नव्हतं. जिचं सगळं आयुष्य पायाखालच्या गाडीचा वेग ओळखण्यात गेलं, तिला हे कळायला कितीसा वेळ लागणार? ती थांबली, उतरली आणि मागच्या हँडलवरचा टॉवेल तिने उचलला. घाम पुसायला म्हणून भावजींनी तो पहिल्या दिवसापासून तिथे गुंडाळला होता. खाली ब्रेकची मूठ. मुठीपासून निघालेली तार दांड्याला चिकटवून चाकापर्यंत नेलेली, आणि तिच्यावर दांड्याचाच हिरवा रंग दिलेला. रंगारीच तो, इतका सफाईदार की कुणाला संशय येऊ नये. मागच्या चाकाजवळचा जादा ब्रेक ताईने पहिल्याच दिवशी पाहिला होता, विचारलंही होतं. 'जुन्या मालकाचा आहे, निकामी आहे,' असं ते म्हणाले होते. आणि तिने ते खरं मानलं होतं.

"सगळ्यांनी मला मोडीत काढलं, मी चालवून घेतलं," ताई फोनवर म्हणाली. "पण हे माझ्या पाठीमागे बसून रोज 'छान चालवतेस' म्हणायचे गं. हात ब्रेकवर ठेवून." ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "आणि परीक्षेचं आता कुणी नावही काढू नका."

दादा गाडी घेऊन तत्परतेने हजर झाला. इतका खुशीत मी त्याला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. शहर मागे पडेपर्यंत त्याचं 'मी सांगितलंच होतं' चालू होतं. मग त्याच्याच तोंडून निघालं, "नशीब मी तो ब्रेक बसवायला लावला."

"तू?"

"मग? निघायच्या आधी भावजींना गाठून सांगितलं मी. मागे ब्रेक नसेल तर मी गाडी घेऊन तुमच्या मागोमाग येणार. तेव्हा कुठे ऐकलं. आणि बघ, लागलाच की नाही?"

मी दादाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काही शब्द मलाही नव्याने कळले. पण बोलताना मनातून मी भावजींवरच जास्त चिडले होते. दादा दादासारखा वागला. हे का वागले दादासारखे?

गाव डोंगराच्या माथ्यावर होतं. उतरत्या छपरांची घरं, मधोमध चौक, आणि चौकातून निघालेला रस्ता सरळ घाटात उतरणारा. खाली दूरवर नदी आणि तिच्या काठाला दुसरं गाव. दोघं ज्या बाईंच्या घरी उतरले होते, त्यांच्या अंगणात आम्ही गाडी लावली आणि मी बघतच राहिले.

भावजी सायकलच्या मागच्या सीटवर बसले होते. सायकल भिंतीला टेकलेली, दोन्ही पाय पॅडलवर, पुढची सीट रिकामी. घरमालकीण बाई हसू दाबत म्हणाल्या, "सकाळपासून असेच बसलेत. नाश्ताही तिथेच दिला मी." जवळ गेले तेव्हा दिसलं, टॉवेल नव्हता, मूठ नव्हती. दांड्यावर जिथे तार होती तिथला रंग खरवडून निघाला होता आणि लोखंडाचा उघडा पट्टा चाकापर्यंत गेला होता. भावजींची बोटं सोललेली होती. उसन्या पकडीने केलेलं काम, आणि हत्यारं म्हणाल तर त्यांना ब्रशाखेरीज काही धरता येत नाही.

दादाला बघताच त्यांनी खिशातून ती मूठ काढली. "ही तुमची. ठेवा जपून. तुम्हालाच लागेल."

दादाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

ताई बॅग घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले. "उतरा," ती भावजींना म्हणाली. "पोरखेळ पुरे झाला."

"नाही उतरणार. मी कुणाच्या गाडीतून येणार नाही. मला न्यायचं तर सायकलसकट उचलावं लागेल, आणि मला उचलेल असा माणूस इथे दिसत नाही."

"काल दाबलात ना ब्रेक? मग आज हा कसला शूरपणा?"

"शूरपणा कुठला! काल घाबरलो म्हणून दाबला. आज कालच्यापेक्षा जास्त घाबरलोय, हा घाट बघ की." त्यांनी सोललेली बोटं दाखवली. "पण आज दाबायला काही शिल्लक ठेवलेलं नाही. मी खोटं बोललो तुझ्याशी. दादांनी सांगितलं म्हणून नव्हे. त्यांना मी कधीही वाटेला लावलं असतं. मलाच हवा होता तो. ते मी तुला सांगायला हवं होतं, आणि मग ब्रेकशिवाय बसायला हवं होतं."

मला तर वाटलं, ताई आता पाठ फिरवून गाडीत जाऊन बसणार. मी तिच्याकडे बघायचंही टाळलं. आणि मग ताईने बॅग खाली ठेवली, वाकली आणि पुढचा टायर चिमटीत दाबून बघितला. मग मागचा. साखळीवरून बोट फिरवलं. ब्रेक दोनदा दाबला. ही फेरी बघायला मी वर्षभर तरसले होते.

"दादा, बॅगा घे तुझ्या गाडीत," ती म्हणाली. "खाली नदीकाठच्या गावात भेटू."

"अगं, घाट आहे हा! आणि चक्कर आली म्हणजे?"

"आली तर कडेला घेईन. तेव्हाही घेतलीच होती. तुम्ही सगळ्यांनी नुसतं 'चक्कर' तेवढं ऐकलंत, 'कडेला घेतली' ते कुणी ऐकलंच नाही." आणि ती पुढच्या सीटवर बसली.

आम्ही गाडीतून त्यांच्या मागे निघालो. दादाला पुढे जायची घाई, म्हणजे काही झालं तर खाली थांबून त्यांना झेलता येईल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. त्याने हॉर्न वाजवला. ताईने मान वळवली नाही. नुसता डावा हात बाजूला काढला आणि तळवा मागे करून दाखवला: मागेच राहा. बसचे ड्रायव्हर दाखवतात तसा. दादाने पुन्हा हॉर्न वाजवला. पुन्हा तोच तळवा. रस्ता अरुंद, ती मधोमध, आणि आमचे बंधुराज, ज्यांनी आयुष्यात कधी कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, ते एका हिरव्या सायकलच्या मागे पहिल्या गिअरमध्ये घाट उतरत होते. मी खिडकीची काच खाली केली आणि वारा खाल्ला. फळबागा पायऱ्यांसारख्या खाली खाली जात होत्या आणि प्रत्येक वळणाला नदी थोडी रुंद होत होती.

मी बघत होते भावजींचे हात. एका वळणावर समोरून गवताने लादलेला ट्रॅक्टर आला, रस्ता जवळजवळ अडवूनच. माझा उजवा पाय गाडीच्या तळाला आपोआप दाबला गेला. भावजींचे खांदे कानांपर्यंत चढले. पण हात हँडलवरच, बोटं उघडी. ताईने वेग उतरवला, कडेची हातभर जागा हेरली आणि ट्रॅक्टरवाल्याला मान डोलवून निघून गेली. वळणावर ती झुकली तेव्हा ते झुकले, अगदी तिच्याइतकेच.

पूल ओलांडून गावात शिरल्यावर ती थांबली. भावजी उतरले. रस्त्याच्या कडेला बूड टेकून बसले ते, घामाने निथळत.

"प्रत्येक वळणावर भीती वाटली," ते म्हणाले. "आता खोटं नाही बोलणार. एकही वळण सोडलं नाही."

"मला कळत होतं," ताई म्हणाली. "मागे बसलेला घाबरला की मला पाठीत कळतं. रोज कुणी ना कुणी घाबरलेलं असतंच की बसमध्ये. तरी चढतात. खुशाल घाबरा तुम्ही. भीती तुमची, ब्रेक माझा." आणि मग ती रडली. भर रस्त्यात, रुमाल न शोधता, वर्षभराचं. भावजींनी तिचा हात धरला तेव्हा त्यांच्या सोललेल्या बोटांना ते झोंबलं असणार, पण ते हूं की चूं करत नव्हते.

दादा गाडी लावून आला. "हॉर्न ऐकू आला नाही का तुला?"

"आला. पुढे जायला जागा नव्हती, म्हणून दिली नाही."

तिने डोळे पुसले, माझ्याकडून फोन मागून घेतला आणि डेपोप्रमुखांना लावला. मी अगदी शेजारी उभी होते, तिचा शब्द न् शब्द ऐकला.

"साहेब, परीक्षा देतेय मी. परत आल्यावर लगेच... नाही, आवारात नाही. छोटी गाडीही नको. मोठी बस काढून ठेवा, रिकामी चालेल, आणि घाटाचा रस्ता... नियम असेल हो, तुम्ही ठरवलंत तर बदलेल की. आणि परीक्षा तुम्ही स्वतः घ्यायची. पण माझ्याशेजारी नाही उभं राहायचं. मागच्या सीटवर बसायचं, घाट संपेपर्यंत." पलीकडून साहेब काहीतरी लांबलचक बोलत होते. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं. "भीती वाटली तर वाटू द्या साहेब. मी कुणाला सांगणार नाही."

फोन मला परत देऊन ती दादाकडे वळली.

"बॅगा उतरव. आमची सुट्टी अजून संपलेली नाही."

दादाने मुकाट्याने उतरवल्या.